गोलच्या मागची जागा

“नाही म्हण, बाबा. दोनच अक्षरं आहेत.”

“‘हो’ला एकच लागतं.”

“म्हणजे तू हो म्हणणार.”

“मी फक्त अक्षरं मोजली.”

रविवारची सकाळ होती. भांडण अंड्यांबरोबर सुरू झालं होतं, अंडी कधीच संपली, भांडण संपेना. जेवणाच्या टेबलावर कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचा आराखडा पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, साखरेचा डबा, सरांचा चष्मा आणि लेकीचा फुटबॉलचा एक बूट ठेवलेला होता. जेवायच्या टेबलावर बूट बाईंनी एरवी खपवून घेतला नसता. पण आज बोलायला फटच मिळत नव्हती.

बाई शाळेत विज्ञान शिकवत. पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणाऱ्या बाईंना स्वतःच्या घरात मात्र पाळी येण्याची वाट बघत बसावं लागे. एका बाजूला नवरा, कॉलेजात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख आणि तरुणपणी त्याच कॉलेजचा गोलकीपर. दुसऱ्या बाजूला लेक, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आणि मुलींच्या संघात स्ट्रायकर. एकाने जन्मभर चेंडू अडवला, दुसरी पाळण्यात असल्यापासून मारत आली. दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत म्हणतात. इथे त्या तीन खोल्यांत राहत होत्या आणि म्यानाचं काम बाईंकडे होतं.

भांडणाचं कारण मात्र खेळण्यातलं नव्हतं. गेली पंधरा वर्षं सर प्रयोगशाळेसाठी विश्वस्तांचे उंबरे झिजवत होते. अखेर एका जुन्या विद्यार्थ्याने इमारतीचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. फक्त जागा ताबडतोब दाखवा, म्हणाला. आणि कॉलेजला दाखवण्यासारखी जागा एकच होती, फुटबॉलचं मैदान. आराखड्यात इमारत रस्त्याच्या बाजूने आत शिरून निम्म्या मैदानावर ठाण मांडून बसली होती. उद्या, सोमवारी, विश्वस्तांची बैठक. तिथे सरांनी विभागप्रमुख म्हणून हो म्हटलं की मैदान गेलं. नाही म्हटलं की देणगी शेजारच्या वाणिज्य विभागात जाणार, तिथले प्रमुख संगणकाच्या खोलीसाठी जिभल्या चाटत बसलेच होते.

“आम्ही खेळायचं कुठे?” लेक म्हणाली. “पार्किंगमध्ये? दोन मोटारसायकलींमध्ये गोल?”

“तुझ्या संघातल्या पाच जणी माझ्या वर्गात आहेत. सहा जणींत एक भिंग फिरवतात. पहिली बघते तेव्हा सहावी घरी जायला निघालेली असते. त्यांचं काय?”

“त्यांना विचार ना, भिंग हवं की मैदान.”

“विचारलं.”

“मग?”

“दोन्ही म्हणाल्या.”

सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली नाही. “मी तेव्हाच सांगत होते,” त्या मटाराला म्हणाल्या, “त्या मैदानापायी या घरात कुणाला सुख नाही.”

सासूबाईंना तसं म्हणायचा हक्क होता. सरांच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान. मुलगा खेळाच्या जोरावर कॉलेजात शिरला तेव्हा बापाने गल्लीभर सांगितलं आणि आईने कपाळाला हात लावला. पहिल्याच वर्षी पोरगा भौतिकशास्त्रात नापास झाला. त्या दिवशी आईने त्याचे बूट इस्त्रीच्या गठ्ठ्यात, परक्यांच्या शर्टांखाली लपवले. लपवले ते लपवले, आणि विसरली. गठ्ठा एका वकिलाच्या घरी पोचला. संध्याकाळी सामना. पोरगा धावत वकिलाकडे गेला, तर वकीलसाहेब दारात एका हातात कडक इस्त्रीचा शर्ट आणि दुसऱ्या हातात चिखलाचा बूट धरून उभे. “इस्त्री छान झालीय,” ते म्हणाले, “पण याची घडी नीट बसली नाही.” ही गोष्ट सासूबाईंना अजून आवडत नसे. त्यामुळे घरात ती वरचेवर सांगितली जाई.

त्याच पोराचा पुढे प्राध्यापक झाला, हे सासूबाईंच्या मते देवाची कृपा, आणि बाईंच्या मते एका म्हाताऱ्या मास्तरांचा चोंबडेपणा. भौतिकशास्त्राचे हे मास्तर इतके जाड चष्म्याचे की मुलं त्यांना ‘दुर्बीण’ म्हणत. रोज संध्याकाळी ते मैदानाभोवती फेऱ्या मारायचे. एकदा थांबून त्यांनी गोलकीपरला विचारलं, “चेंडू हवेत वळतो, ते तुला आधी कसं कळतं?”

“कळतं, सर. कसं ते माहीत नाही.”

“म्हणजे गणित तुझ्या अंगाला येतं, डोक्याला येत नाही. उद्यापासून माझ्या घरी ये. डोक्यालाही कळू दे.”

पोरगा गेला. घामाच्या बनियनवर, मातीच्या हातांनी. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूने ओढतो, दुसऱ्या बाजूने अडवतो आणि म्हणून वाट सोडतो, हे दुर्बीण मास्तरांनी त्याला संत्रं आणि दोरा घेऊन शिकवलं. जे आपण रोज उडी मारून पकडतो त्याला सूत्र आहे, या गोष्टीनेच त्याला इतका हर्ष झाला की त्या रात्री तो जेवताना संत्रं फिरवत बसला आणि बापाच्या हातचा धपाटा खाल्ला.

मग शेवटच्या वर्षाचा अंतिम सामना. बरोबरी, आणि शेवटी शेवटी पेनल्टी. समोरच्याने मारलेला चेंडू सरांनी डावीकडे झेप घेऊन बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर काढला आणि त्याच झेपेत गुडघा खांबावर आदळला. चेंडू अडला, गुडघा गेला. कॉलेजने कप उचलला आणि चौघांनी गोलकीपरला. तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या मात्र त्याने दुर्बीण मास्तरांची दोन कपाटं वाचून काढली. पुढे फिरत्या वस्तूंवरच डॉक्टरेट केली आणि ज्या वर्गात नापास झाला त्याच वर्गात शिकवायला उभा राहिला.

उभा राहिला तोही गोलकीपरसारखा. चेंडूकडे पाठ करायची नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की सर वर्गाकडेही पाठ करत नसत. खडू मागच्या मागे फळ्यावर चालवायचा आणि डोळे पोरांवर. त्यामुळे सरांची समीकरणं उजवीकडे उतरत उतरत जमिनीला टेकायची आणि भौतिकशास्त्राची मुलं माना वाकड्या करून चालताना लांबून ओळखू यायची. खेळाडू असताना लोक त्यांना ‘भिंत’ म्हणत, आता मुलं ‘भिंत सर’ म्हणत. “भिंतीला कान असतात म्हणे,” बाई सांगत, “आमची तेवढी अपवाद.” हॉटेलात, लग्नात, दवाखान्यात, कुठेही गेले तरी सर कोपरा शोधून पाठ भिंतीला लावून बसत. मागे काय आहे याची त्यांना कधी पर्वा नव्हती. जे यायचं ते समोरून येतं.

“आणि मी कुठून आले होते?” बाई कधीतरी विचारत.

कारण बाई मागून आल्या होत्या. तेव्हा त्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. रानटी गवताचे नमुने गोळा करायचे होते आणि कॉलेजात गवत माजलेलं एकच ठिकाण होतं, रस्त्यापासून दूरच्या टोकाच्या गोलच्या मागे. जाळीच्या मागे काटेरी झुडपं, झुडपांच्या पलीकडे कमरेइतकं गवत. तिथे वाकून मुळं उपटत असताना चुकलेला चेंडू येऊन त्यांच्या पाठीवर बसला. त्यांनी तो उचलून जाळीवरून फेकला. गोलकीपरने झेलला आणि समोर बघतच म्हणाला, “थँक्यू.”

मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू, पुन्हा “थँक्यू”, पुन्हा पाठ. सबंध सत्रभर त्या माणसाने बाईंना फक्त आवाजाने ओळखलं. पुढे ग्रंथालयात “हे पुस्तक मिळेल का?” एवढं त्या म्हणाल्या आणि समोरचा उंच मुलगा खुर्चीवरून उठलाच. “तुम्ही गोलच्या मागच्या ना?” तोवर बाईंच्या वहीत सतरा जातींचं गवत चिकटवून झालं होतं आणि मनात एक राग. असा पाठमोरा आभार मानणारा माणूस. त्याला एकदा तरी तसंच उत्तर द्यायचं होतं. लग्न झालं, लेक झाली, लेक कॉलेजात गेली, राहूनच गेलं.

“आई, तू काहीतरी बोल,” लेक म्हणाली. “तुझं मत काय?”

“माझं मत, बूट उचल.”

लेकीने फणकाऱ्याने बूट उचलला. आराखड्याचा तो कोपरा सुटला आणि गुंडाळत आला. बाईंनी तो हाताने सपाट केला आणि हात तिथेच राहिला.

“हे काय आहे?”

“काय?”

“हा तुमचा गोल. ही कुंपणाची भिंत. यांच्यामध्ये नखाएवढीही जागा नाही.”

“नाहीच आहे,” सर म्हणाले. “गोलच्या मागे काही नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. ज्या दिवशी देणगीचं ठरलं त्याच दिवशी आर्किटेक्टला कच्चा आराखडा काढून द्यायचा होता. त्याने मला फोन केला, मैदान केवढं? मी सांगितलं, या गोलपासून त्या गोलपर्यंत इतकं. त्याने विचारलं, गोलच्या मागे? मी म्हटलं, काही नाही, भिंत आहे. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या मैदानाचा मला इंचन्‌इंच ठाऊक आहे.”

“समोरचा,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“समोरचा इंच ठाऊक आहे. मागे कधी बघितलंस तू?”

सोफ्यावर मटार सोलायचा आवाज थांबला. सासूबाईंसमोर बाई नवऱ्याला नेहमी ‘अहो’ म्हणत. एकटे असले की ‘तू’. इतकी वर्षं ही घडी मोडली नव्हती. बाईंच्या लक्षातही आलं नाही.

“अरे, सहा महिने मी तिथे वाकून गवत उपटलंय. झुडपांच्या मागे एवढी रुंद पट्टी आहे. आमचा अख्खा वर्ग पांगून बसायचा आणि कुणी कुणाला दिसायचं नाही. ती पट्टी कुठे गेली? भिंत काय चालत पुढे आली?”

सर चष्मा शोधायला लागले. तो आराखड्याच्या कोपऱ्यावर होता. तो उचलताच तोही कोपरा गुंडाळला.

“झुडपं असतील फूटभर,” ते म्हणाले, पण आवाजात तो पहिला जोर नव्हता.

“आई,” लेक एकदम हळू म्हणाली, “आमचे चेंडू तिथे गेले की परत मिळत नाहीत. आम्ही म्हणतो, झुडपांनी खाल्ले.”

मग एकदमच तिघांना घाई झाली. मोजायला टेप हवी. घरात होती ती शिवणाची, दीड मीटरची. बाल्कनीत कपडे वाळत घालायची नायलॉनची लांब दोरी होती, तिच्यावर सबंध घराचे ओले कपडे. बाईंनी ते ओढून सोफ्यावर टाकले.

“अगं, मी इथे बसलेय,” सासूबाई ओल्या टॉवेलाआडून म्हणाल्या.

“आई, दहा मिनिटं,” बाई म्हणाल्या.

“मैदानाची दहा मिनिटं मला माहीत आहेत. बूट आणायला गेला होता तेव्हाही दहाच मिनिटं म्हणाला होता.”

सरांनी जमिनीवर बसून शिवणाच्या टेपने दोरी मोजली. इमारतीची रुंदी आणि तिच्यापुढे चेंडूला पळायला सोडायची मोकळी जागा, दोन्ही मिळून होईल तेवढी दोरी कापली. लांबीचा प्रश्नच नव्हता. इमारत आडवी फिरवली तर मैदानाच्या रुंदीत ती आरामात मावत होती. प्रश्न होता तो गोल आणि भिंत यांच्यामधल्या अंतराचा.

स्कूटरवर तिघे बसू नयेत असा नियम बाई स्वतः शाळेत शिकवत. म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून एकदा घरातल्या चपला घातलेल्या बाईंकडे पाहिलं, एकदा सरांच्या मांडीवरच्या दोरीच्या वेटोळ्याकडे आणि नंतर जरा बेतानेच चालवली. “काही अडचण नाही ना, साहेब?” त्याने विचारलं. “भांडण मिटवायला चाललोय,” सर म्हणाले. त्याने वेग आणखी कमी केला.

रविवारमुळे मैदान मोकळं होतं. लेक चेंडू घेऊन आली होती, कारण ती कुठेही चेंडूशिवाय जात नसे. तिने तो मैदानात सोडला, दोरीचं एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि झुडपांत शिरली. दुसरं टोक सर गोलरेषेवर धरून उभे राहिले. सवयीने मैदानाकडे तोंड करून.

“तिकडे बघ,” बाई मैदानातून म्हणाल्या. “मागे.”

सर वळले. गोलच्या आत उभं राहून, जाळीतून पलीकडे बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. हातातली दोरी सरकत होती, झुडपं हलत होती. काट्यांना दिलेल्या शिव्या ऐकू येत होत्या आणि प्रत्येक शिवी आधीच्या शिवीपेक्षा लांबून येत होती.

“पोचलीस का भिंतीला?” सर ओरडले.

“अजून नाही. इथे एक चेंडू आहे, बाबा. दोन आहेत.”

दोरी सरकत राहिली. बाईंच्या मनात आलं, पंचवीस-तीस वर्षांत भिंत बदलली असेल तर? कुणी पुढे बांधून घेतली असेल तर? सरांच्या मुठीत आता जेमतेम हातभर दोरी उरली होती. तीही गेली. शेवटचं टोक त्यांनी रेषेवर पायाखाली दाबलं. ताण आला.

“बाबा, दोरी संपली.”

“आणि भिंत?”

“भिंत अजून यायचीय.”

सर रेषेवरून जाळीपाशी गेले. दोन्ही हातांनी जाळी धरून नुसते बघत राहिले. बघता बघता त्यांच्या पाठीत काहीतरी हललं, आणि ते हसताहेत हे बाईंना मागूनही कळलं. तेवढ्यात बाईंना पायाशी चेंडू दिसला. गोल समोर, उघडा. गोलकीपर जाळीला चिकटलेला, पाठमोरा. बाईंनी आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. चप्पल आधी उडाली, चेंडू मागून गेला, गडगडत, वाट चुकत, पण गेला. जाळी हलली तशी सर दचकून वळले.

तोवर बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

“थँक्यू,” त्या समोरच्या रिकाम्या मैदानाला म्हणाल्या.

लेक हातापायांवर ओरखडे, केसांत काटक्या आणि काखेत चार चेंडू घेऊन बाहेर आली, तेव्हा आईची एक चप्पल मैदानात पडलेली आणि बाबा गोलमध्ये बसून डोळे पुसत होते. “काय झालं?” तिने विचारलं. “गोल खाल्ला,” सर म्हणाले. “तुझ्या आईचा. ऑफसाइड असणार.”

सरांनी तिथूनच आर्किटेक्टला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, इमारत आडवी बसेल म्हणाला, उलट प्रकाशाचे प्रयोग करायला अंधारी बाजू बरीच म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण सर, मी विचारलं होतं. तुम्ही काही नाही म्हणालात. आणि ‘दुसरी जागा नाही’ असं विश्वस्तांना तुमच्याच सहीने गेलंय.”

सरांचा चेहरा उतरला. वाणिज्यवाले प्रमुख उद्या बैठकीत असणार होते. भौतिकशास्त्राच्या प्रमुखाला मैदान मोजता येत नाही, ही गंमत ते निवृत्त होईपर्यंत पुरवून पुरवून खाणार.

परतताना रिक्षात लेक म्हणाली, “बाबा, आर्किटेक्टचं चुकलं म्हण ना. त्याने येऊन बघायला हवं होतं की नाही?”

“हवं होतं.”

“मग झालं तर. अर्धं खरं आहेच.”

बाई मध्ये पडल्या नाहीत. इथे आपण भुवई उचलायची नाही, हे त्यांना कळत होतं. पेनल्टीच्या वेळी गोलकीपरला कुणी सांगत नाही कुठे झेपायचं. फक्त, दोरी परत का आणली नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. ती अजून गोलच्या खांबाला बांधलेली होती, पार झुडपांत ताणलेली, आणि उद्या विश्वस्तांना दिसावी म्हणून सरांनीच निघताना तिला दुहेरी गाठ मारली होती.

घरी सासूबाईंनी ओले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, टीव्हीवर पसरले होते. बूट मोरीजवळ नेऊन ठेवला होता. मटार मात्र सोलून झाले होते.

“मिटलं का?” त्यांनी विचारलं. “की आणखी कुणाचा गुडघा फुटला?”

सर टेबलाशी उभे राहिले. आराखडा नीट गुंडाळला, त्याला रबर लावलं. मग सगळ्यांकडे बघून, हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले,

“प्रयोगशाळा गोलच्या मागे होणार. उद्या बैठकीत मी पहिलं वाक्य बोलणार, चूक माझी, मी मागे बघितलं नव्हतं. आणि कपड्यांना नवी दोरी आणा. ती परत येणार नाही.”